पाण्याच्या वाटेत लोखंडाची भिंत: दूषित भूजल जमिनीतच स्वच्छ करण्याची पद्धत, पायरी पायरीने

भूजल दूषित झालंय असं कळलं की पहिली सूचना बहुधा ठरलेली असते: पंप बसवा, पाणी वर काढा, शुद्ध करा, सोडून द्या. यात चूक काही नाही. पण हे काम संपता संपत नाही. चिकणमातीच्या पातळ थरांत मुरलेलं रसायन थोडं थोडं सुटत राहतं. पाण्यातलं प्रमाण सुरुवातीला झरझर उतरतं आणि मग एका पातळीवर येऊन अडून बसतं. पंप मात्र वर्षानुवर्षं चालवावा लागतो, वीज आणि देखभालीसह.

पारगम्य अभिक्रियाशील भिंत या प्रश्नाकडे उलट बाजूने बघते. या क्षेत्रातले लोक तिला पीआरबी म्हणतात, मी नुसतं भिंत म्हणेन. इथे पाणी आपल्याकडे ओढून आणायचं नसतं. ते जिथून जाणारच आहे तिथे जमिनीत चर खणायचा आणि दूषित घटकाशी अभिक्रिया करणारा माल त्यात भरायचा. पाणी आपल्या गतीने येतं, मालातून झिरपतं आणि स्वच्छ होऊन पलीकडे निघतं. वर ना टाकी दिसते ना पंप.

‘भिंत’ हा शब्द थोडा फसवा आहे. ही भिंत पाणी अडवत नाही, तिने अडवताही कामा नये. आजूबाजूच्या मातीपेक्षा ती अधिक सहज झिरपू देणारी असावी लागते, नाहीतर पाणी तिला वळसा घालून निघून जातं. अपेक्षाभंग केलेल्या भिंतींची कारणं तपासली तर लोखंडाने दगा दिला असं क्वचितच आढळतं. पाणी बाजूने गेलं, खालून गेलं किंवा अंदाजापेक्षा वेगाने गेलं, असंच बहुतेक वेळा निघतं. म्हणून या लेखात मी रसायनापेक्षा पाण्यावर जास्त बोलणार आहे.

हे सुचलं कसं

१९८०च्या दशकात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात भूजलाचे नमुने घ्यायला कोणत्या पदार्थाच्या नळ्या योग्य, याच्या चाचण्या चालू होत्या. काही धातूंच्या संपर्कात ठेवलेल्या पाण्यातल्या क्लोरीनयुक्त द्रावकांचं, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणाऱ्या रसायनांचं, प्रमाण घटत असल्याचं त्यात दिसलं. नमुना घेणाऱ्याच्या दृष्टीने ही अडचण होती. तिथलेच संशोधक रॉबर्ट गिलहॅम यांनी त्यात उपाय पाहिला. १९९१ मध्ये ऑन्टारियोतल्या बॉर्डन इथल्या प्रयोगक्षेत्रात त्यांनी आणि स्टेफनी ओहॅनेसिन यांनी लोखंडाचा चुरा आणि वाळू यांची भिंत जमिनीत घातली. वजनाने २२ टक्के लोखंड, बाकी वाळू. एवढ्यावर याच द्रावकांपैकी ट्रायक्लोरोइथिलीन सुमारे ९० टक्के आणि टेट्राक्लोरोइथिलीन सुमारे ८६ टक्के कमी झालं, आणि पुढच्या काही वर्षांच्या मोजमापांतही कामगिरी टिकून राहिली. पाठोपाठ कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथे १९९५च्या सुमारास पहिली पूर्ण आकाराची व्यावसायिक भिंत उभी राहिली. तिथे आधी पाणी उपसूनच शुद्ध केलं जात होतं.

लोखंड आत काय करतं

लोखंड गंजतं म्हणजे इलेक्ट्रॉन सोडतं. उघड्यावर ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेतो. जमिनीखाली ऑक्सिजन लवकर संपतो आणि मग इलेक्ट्रॉन घ्यायला क्लोरीनयुक्त रेणू पुढे येतात. रेणूतला एकेक क्लोरीन क्लोराइड होऊन पाण्यात सुटतो आणि ट्रायक्लोरोइथिलीनचं शेवटी इथिलीन किंवा इथेन होतं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या सहा-संयुजी क्रोमियमच्या, बाबतीत क्रोमियमच इलेक्ट्रॉन घेतं, ट्रायव्हॅलंट (तीन-संयुजी) होतं आणि लोहासोबत हायड्रॉक्साइडच्या रूपात अविद्राव्य होऊन जागीच बसतं. पहिल्या प्रकारात दूषित पदार्थ मोडतो. दुसऱ्यात तो मोडत नाही, फक्त स्थिर होतो. हा फरक आत्ताच लक्षात ठेवा, भिंतीचं आयुष्य संपतं तेव्हा तो पुन्हा समोर येतो.

याच अभिक्रियेत पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ९ ते १० पर्यंत चढतो आणि थोडा हायड्रोजन वायू सुटतो. सामू चढला की पाण्यातला कॅल्शियम आणि कार्बोनेट साका होऊन बसू लागतो. लोखंडाची भिंत भरून येते ती मुख्यतः अशी.

आधी ठरवा: इथे भिंत चालेल का

दूषित घटक कोणता, यावर माल ठरतो, आणि पुष्कळांची चूक इथेच होते. लोखंड सगळ्यावर चालत नाही. टेट्राक्लोरोइथिलीन, ट्रायक्लोरोइथिलीन, व्हिनाइल क्लोराइड, कार्बन टेट्राक्लोराइड, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, युरेनियम यांच्यावर ते चांगलं काम करतं. पण डायक्लोरोमिथेन, १,२-डायक्लोरोइथेन आणि क्लोरोबेन्झिन यांना ते व्यवहारात हात लावत नाही. पेट्रोलमधलं बेन्झिन किंवा टोल्युइन तर मुळीच नाही, त्यांना ऑक्सिजन आणि जिवाणू लागतात. दूषित पाण्यात दोन-तीन घटकांचं मिश्रण असेल तर सगळ्यात चिवट कोण ते शोधा आणि त्याच्यावर आराखडा करा.

नायट्रेटसाठी लाकडाचा भुसा किंवा लाकडाचे तुकडे वापरतात. भुसा कुजताना ऑक्सिजन संपवतो आणि जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. खाणीतून येणाऱ्या आम्लयुक्त पाण्यासाठी कंपोस्ट, लाकूड आणि चुनखडी यांचं मिश्रण असतं. त्यात सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात, सल्फाइड तयार होतं आणि धातू सल्फाइड होऊन बसतात. कॅनडातल्या सडबरीजवळच्या निकेल रिम खाणीत १९९५ मध्ये अशी भिंत घातली गेली. किरणोत्सारी स्ट्रॉन्शियमसाठी क्लिनॉप्टिलोलाइट नावाचं झिओलाइट, म्हणजे सच्छिद्र खनिज, वापरतात, ते स्ट्रॉन्शियमचे आयन धरून ठेवतं. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट व्हॅलीमध्ये २०१० साली अशी लांबलचक झिओलाइट भिंत बांधली गेली.

दूषित पाणी फार खोल असेल, खडकाच्या भेगांतून वाहत असेल, किंवा खाली न झिरपणारा थर सलग नसेल, तर भिंतीचा विचार दोनदा करा. भेगांतलं पाणी कुठून कुठे जाईल हे सांगणं अवघड असतं आणि भिंत तर एकाच जागी उभी राहणार. जागेखाली गॅसच्या वाहिन्या, केबल किंवा इमारतींचे पाये असतील तर खणायची वेळ येण्याआधी तो नकाशा हातात हवा. आणखी एक: उगमाशी द्रवरूप द्रावक साठून असेल तर भिंत पुढचं पाणी वाचवेल, पण उगम तसाच राहील. उगमाचं काय करायचं हा वेगळा निर्णय आहे आणि तो टाळून चालत नाही.

पाण्याची वाट ओळखणे

या टप्प्यावर घाई करू नका. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे वाचवा.

पाणी कोणत्या दिशेला जातं हे कळायला किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, आणि त्या एका रेषेत नसाव्यात. तिन्हींच्या तोंडाची उंची सर्वेक्षणाने एकाच संदर्भबिंदूला जोडायची, मग फीत सोडून आतल्या पाण्याची पातळी मोजायची. उंचीतून खोली वजा केली की पाण्याची खरी पातळी मिळते. जास्त पातळीच्या विहिरीपासून कमी पातळीच्या विहिरीपर्यंत रेषा काढा आणि तिसऱ्या विहिरीइतकी पातळी त्या रेषेवर कुठे येते ती खूण करा. खूण आणि तिसरी विहीर जोडली की समान पातळीची रेषा तयार होते. पाणी तिला काटकोनात, उताराकडे वाहतं. कागद, पट्टी आणि पेन्सिल एवढ्यावर हे होतं. तीन विहिरींवर काम होतं खरं, पण त्यावर भिंत बांधू नका. दूषित पट्ट्याच्या रुंदीत आणि लांबीत पुरेशा विहिरी हव्यात, आणि प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या खोलीवर जाळी असलेल्या विहिरींचा गट हवा.

वर्षाचे सगळे ऋतू मोजा. माझ्या पाहण्यातल्या एका कामात फक्त कोरड्या महिन्यांतली मोजमापं होती. पातळ्या वर चढल्यावर जवळच्या ओढ्याने पाणी दुसरीकडे ओढलं आणि दिशा बरीच वळली. भिंतीच्या एका टोकापलीकडच्या विहिरीत दूषित घटक दिसू लागला तेव्हा हे कळलं, तोवर चर भरून झाला होता. हिशोब साधा आहे: उगमापासून भिंत ५० मीटरवर असेल आणि पाण्याची दिशा १५ अंशांनी फिरत असेल, तर भिंतीपाशी दूषित पट्टा सुमारे १३ मीटर सरकतो. भिंत एवढी जास्त लांब घ्यायची, की दूषित पाणी बाजूने जाऊ द्यायचं, हे आधीच ठरवावं लागतं.

पारगम्यता, म्हणजे मातीतून पाणी किती सहज झिरपतं, ते मोजायला प्रत्येक विहिरीत स्लग चाचणी घ्या: विहिरीतलं पाणी एकदम वर किंवा खाली करायचं आणि ते मूळ पातळीला किती वेळात येतं ते नोंदवायचं. एका आकड्यावर समाधान मानू नका. एकाच जागेवर, चार हातांच्या अंतरावर पारगम्यता दहापटीने बदलते. वाळूचा एखादा जाड पट्टा बाकी सगळ्या थरांपेक्षा जास्त पाणी वाहून नेत असतो, आणि दूषित पदार्थही बहुधा त्याच पट्ट्यातून येतो. बोअरचा सलग गाभा काढून थरांची नोंद करा. कागदावर नुसतं ‘वाळू’ लिहू नका, बारीक की जाड, कोणत्या खोलीपासून कोणत्या खोलीपर्यंत, हे लिहा.

तळाचा न झिरपणारा थर कुठे आहे आणि तो सलग आहे का, हेही भिंतीच्या संपूर्ण रेषेवर तपासा. दोन बोअरच्या मध्ये थर खाली दबला असेल तर पाणी तिथूनच भिंतीखालून निसटेल.

पाण्याचं रसायन आणि नळीतली चाचणी

दूषित घटकाइतकंच महत्त्व पाण्यात एरवी विरघळलेल्या गोष्टींना आहे. कॅल्शियम, कार्बोनेट, सल्फेट, नायट्रेट, सिलिका आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजून घ्या. नायट्रेट जास्त असेल तर ते लोखंडाचे इलेक्ट्रॉन आधीच खातं आणि कणांवर निष्क्रिय थर चढवतं. कार्बोनेट जास्त असेल तर साका लवकर बसेल. ऑक्सिजन जास्त असेल तर भिंतीच्या अलीकडच्या, म्हणजे पाणी शिरतं त्या, कडेला गंजाचं कवच तयार होतं.

मग नळीतली चाचणी. साधारण अर्धा ते एक मीटर लांबीची नळी घ्यायची, अंतराअंतरावर नमुने घ्यायची तोंडं ठेवायची आणि प्रत्यक्ष वापरायचं लोखंड त्यात भरायचं. पाणी त्याच जागेवरचं हवं. प्रयोगशाळेत विरघळवून बनवलेल्या पाण्यावर ठरवलेली जाडी पुढे बरेचदा कमी पडते. पाणी खालून वर, संथ आणि एकसारख्या वेगाने सोडायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. नळीतल्या पोकळीच्या अनेकपट पाणी जाऊन प्रत्येक तोंडाशी आकडे स्थिर झाले की नमुने घ्यायचे.

चाचणी संपल्यावर नळी कापून आतला माल नक्की बघा. खालचं तोंड, जिथून पाणी शिरतं, तिथले पहिले काही सेंटिमीटर करडे-पांढरे आणि दगडासारखे घट्ट झालेले असतात. मला एकदा ते स्क्रूड्रायव्हरने ठोकून काढावे लागले होते. दोन इंच वर गेलं की तेच लोखंड काळं, सुटं, बोटांमधून वाळूसारखं गळणारं. जमिनीतल्या भिंतीतही नेमकं असंच होतं: अलीकडची कड आधी भरते, आतला भाग बराच काळ ताजा राहतो.

तोंडातोंडाशी मोजलेल्या प्रमाणांवरून अर्धायुकाल काढायचा, म्हणजे दूषित घटक निम्मा व्हायला लागणारा वेळ. ट्रायक्लोरोइथिलीनला लोखंडात साधारण तासाच्या आसपास ते काही तास लागतात. व्हिनाइल क्लोराइड त्याहून हळू जातं. ते मूळ दूषित पाण्यात नसलं तरी वाटेत थोडं तयार होतं, आणि ते मूळ पदार्थापेक्षाही घातक असतं. म्हणून वाटेत तयार होणारे पदार्थ मोजल्याशिवाय चाचणी पूर्ण समजू नका.

जाडीचा हिशोब, एक उदाहरण घेऊन

समजा पारगम्यता दिवसाला १० मीटर आहे, पाण्याच्या पातळीचा उतार ०.००५ म्हणजे २०० मीटरला १ मीटर, आणि मातीची सच्छिद्रता, म्हणजे तिच्यातल्या पोकळीचा वाटा, ०.३०. पारगम्यतेला उताराने गुणून सच्छिद्रतेने भागा: वेग दिवसाला सुमारे १७ सेंटिमीटर.

येणाऱ्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन लिटरला २००० मायक्रोग्रॅम, आणि ते ५ वर आणायचंय. म्हणजे ४००पट घट. आठ अर्धायुकालांत २५६पट घट होते, नवात ५१२पट. नऊ धरू. अर्धायुकाल २ तास असेल तर १८ तास लागले. नळीच्या चाचणीत व्हिनाइल क्लोराइड वाटेत १०० मायक्रोग्रॅमपर्यंत चढलं असं धरा, आणि ते २ वर आणायचंय. ५०पट घट, म्हणजे सहा अर्धायुकाल. त्याचा अर्धायुकाल ६ तास धरला तर ३६ तास. दोन्ही मिळून ५४ तास, सव्वादोन दिवस. खरं तर दोन्ही अभिक्रिया काही अंशी एकाच वेळी चालतात, त्यामुळे नुसती बेरीज करणं सावधपणाचं आहे. मला तो सावधपणा योग्य वाटतो.

सव्वादोन दिवस गुणिले १७ सेंटिमीटर म्हणजे ३८ सेंटिमीटर. पण चाचणी उबदार प्रयोगशाळेत झाली, जमिनीखालचं पाणी थंड आहे. दहाएक अंशांच्या फरकाने अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. दुप्पट करा: ७६. ऋतूंप्रमाणे वेग वाढतो त्यासाठी आणखी ३० टक्के: जवळजवळ एक मीटर.

इथे एक सवलत मुद्दाम घेतलेली नाही. लोखंडाच्या चुऱ्याची सच्छिद्रता ०.५ च्या आसपास असते, म्हणून नव्या भिंतीत पाण्याचा वेग मातीतल्यापेक्षा कमी होतो. पण साका बसत गेला की ती पोकळी भरते आणि सवलत संपते.

आता याच भिंतीचं वजन काढा. लांबी ६० मीटर, पाण्याखालची उंची ६ मीटर, जाडी १ मीटर: ३६० घनमीटर. लोखंडाचा चुरा घनमीटरला साधारण २.४ टन भरतो. म्हणजे ८६० टनांहून जास्त लोखंड. पारगम्यतेचा आकडा दुपटीने चुकला तर शेकडो टनांचा फरक पडतो. स्लग चाचण्यांवर मी एवढा जोर का देतो ते यातून कळेल.

आकार: सलग भिंत की नरसाळं

दोन रूपं आहेत. सलग भिंत संपूर्ण दूषित पट्ट्याला आडवी जाते. दुसरं रूप नरसाळ्याचं: दोन्ही बाजूंना न झिरपणारे पंख, मध्ये अभिक्रियेचं दार. नरसाळ्यात माल कमी लागतो, तो बदलणंही सोपं. पण सगळं पाणी दारात कोंबलं जात असल्याने तिथला वेग वाढतो आणि दाराची जाडी वाढवावी लागते. पंखांमागे पाणी तुंबलं तर ते टोकांवरून वळसा घेतं किंवा खाली दाबलं जातं. डेन्व्हर फेडरल सेंटरमध्ये १९९६ साली बांधलेल्या नरसाळ्याच्या रचनेत असंच पाणी तुंबलं आणि काही भाग वळसा घालून गेला. जागा परवानगी देत असेल तर मी सलग भिंतीच्या बाजूने आहे. पाण्याला ती सर्वांत कमी त्रास देते, आणि आपला अंदाज थोडा चुकला तरी निभावून नेते.

तळाशी भिंत न झिरपणाऱ्या थरात ३० ते ६० सेंटिमीटर रुतवा. वर मात्र पाण्याची सर्वाधिक पातळी जिथवर चढते त्याच्याही वर माल न्या, नाहीतर भरल्या ऋतूत पाणी डोक्यावरून जाईल.

खणणं आणि भरणं

सात-आठ मीटर खोलीपर्यंत शीट पाइल, म्हणजे एकमेकांत अडकणारे पोलादी पत्रे, ठोकून मधली माती काढणं किंवा सलग चर काढणारं यंत्र वापरणं, दोन्ही चालतं. हे यंत्र एकीकडे खणतं आणि मागोमाग माल भरतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या एलिझाबेथ सिटी इथे जून १९९६ मध्ये ४६ मीटर लांब, ७.३ मीटर खोल आणि ०.६ मीटर जाड भिंत त्याने सहा तासांच्या आत घातली. सुमारे ४५० टन लोखंड लागलं. तिथे क्रोमियम मुलामा देण्याच्या कार्यशाळेतून हेक्झाव्हॅलंट क्रोमियम भूजलात उतरलं होतं, सोबत ट्रायक्लोरोइथिलीनही होतं.

याहून खोल जायचं तर चर उभा ठेवायला गवारीच्या बियांच्या डिंकाचं घट्ट द्रावण भरतात. त्याच्या दाबाने बाजू ढासळत नाहीत, आणि त्यातूनच माल खाली सोडतात. नंतर एन्झाइम घालून डिंक तोडायचा. तो पूर्ण तुटला की नाही हे द्रावणाची घट्टता मोजूनच ठरवा, नजरेने नाही. अर्धवट तुटलेला डिंक काही काळ पाणी अडवतो. इथे बेन्टोनाइट या चिकणमातीचं द्रावण कधीही वापरू नका. ते चराच्या बाजूंना न झिरपणारा लेप देतं, म्हणजे पैसे खर्चून पाणी अडवणारी भिंत बांधल्यासारखं होतं. शीट पाइल ओढतानाही चिकणमातीचा लेप वाळूच्या पट्ट्यावर फासला जाऊ शकतो, म्हणून पाइल घातलेल्या बाजूंकडे विशेष लक्ष द्या. तीसएक मीटर खोलीवर चर परवडत नाही, तिथे बोअरमधून दाबाने माल घुसवतात, पण तो सलग पसरला का हे तपासणं कठीण जातं.

लोखंड आलं की प्रत्येक खेपेतला नमुना घ्या. कणांचा आकार साधारण पाव ते दोन मिलिमीटर असावा. धूळ फार असेल तर झिरपणं घटतं. कापकामातून आलेल्या चुऱ्यावर तेल असतं. मूठभर चुरा पाण्यात ढवळून वर तवंग येतो का बघा, आला तर खेप परत पाठवा. नळीच्या चाचणीत वापरलेलंच लोखंड यायला हवं, तोच पुरवठादार आणि तीच प्रक्रिया. वाळू मिसळायची असेल तर दोन्ही ओलसर मिसळा आणि मिश्रण उंचावरून टाकू नका. लोखंड जड असल्याने आधी खाली बसतं, वाळू वर राहते आणि भिंतीत कुठे नुसतीच वाळू असा पट्टा तयार होतो. पाणी नेमकं तोच पट्टा शोधतं.

आधार न दिलेल्या चरात कोणीही उतरू नये, ‘दोन मिनिटांसाठी’ देखील नाही. लोखंडाची बारीक धूळ पेट घेऊ शकते, म्हणून साठवणीजवळ ठिणगी नको. खणून निघालेली माती आणि चरातलं पाणी दूषित धरूनच विल्हेवाटीची व्यवस्था आधी करून ठेवा.

देखरेख: कुठे, काय, किती वेळा

विहिरी अलीकडे, भिंतीच्या आत, पलीकडे, दोन्ही टोकांच्या बाहेर आणि शक्य असेल तर तळाखाली. टोकांबाहेरच्या विहिरी पुष्कळ ठिकाणी पैशांसाठी गाळल्या जातात, पण वळसा घालणारं पाणी फक्त तिथेच सापडतं. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी नमुने घ्या, चित्र स्थिर झालं की अंतर वाढवा. नमुना अगदी संथ पंपाने घ्या. जोरात उपसलं तर लांबचं पाणी विहिरीत ओढलं जातं आणि भिंतीच्या आतली विहीर खोटं बोलते.

सुरुवातीला घाबरवणारी एक गोष्ट हमखास घडते: भिंतीपलीकडच्या विहिरीतलं प्रमाण लगेच खाली येत नाही. याचा अर्थ भिंत चुकली असा नाही. भिंत घालण्याआधीच ते पाणी पलीकडे गेलेलं असतं. पाण्याचा वेग दिवसाला १० सेंटिमीटर असेल तर १० मीटरवरच्या विहिरीपर्यंत स्वच्छ पाणी पोचायलाच १०० दिवस, आणि मातीला चिकटलेलं रसायन सुटत राहिल्याने त्याहूनही बराच उशीर. भिंतीचा निकाल आतल्या आणि लगतच्या विहिरींवरून लावा.

दूषित घटकासोबत सामू, विरघळलेला ऑक्सिजन, रेडॉक्स पातळी (पाणी इलेक्ट्रॉन देणारं की घेणारं याचं माप), कॅल्शियम, कार्बोनेट आणि सल्फेट मोजा. भिंतीच्या आत सामू चढलेला आणि कॅल्शियम उतरलेलं दिसलं तर लोखंड काम करतंय. मी सर्वांत आधी मात्र पाण्याची पातळी बघतो. अलीकडच्या आणि पलीकडच्या विहिरींतला फरक हळूहळू वाढत चालला असेल तर भिंत भरत आहे. रसायनाचा आकडा बिघडायच्या कितीतरी आधी फीत हे सांगते, आणि तेही विनाखर्च.

भिंत थकते तेव्हा

एलिझाबेथ सिटीच्या भिंतीची पंधरा वर्षांनी तपासणी झाली तेव्हाही ती क्रोमियम काढतच होती. उलट युटातल्या मॉन्टिसेलो इथे युरेनियमसाठी १९९९ साली घातलेली लोखंडी भिंत काही वर्षांतच कॅल्शियम कार्बोनेटच्या साक्याने भरत गेली आणि तिची पारगम्यता खूप घसरली. लोखंड दोन्हीकडे होतं. पाणी वेगळं होतं. त्यामुळे ‘भिंत किती वर्षं टिकते’ या प्रश्नाला एकच आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या पाण्यातलं कार्बोनेट आणि वर्षाकाठी भिंतीतून जाणारं पाणी यांचा गुणाकार केला की दर वर्षी किती साका बसेल याचा अंदाज येतो. तो आराखड्यातच लिहून ठेवा.

अलीकडची कड भरली तर तेवढाच भाग उकरून बदलता येतो, किंवा भिंतीच्या अलीकडे जाड वाळू-लोखंडाचा पट्टा आधीपासून ठेवून साका तिथे बसू देता येतो. मिश्रणातली मोठी पोकळी लवकर तुंबत नाही. पाण्याचं कार्बोनेट जास्त असेल तर मी हा पट्टा सुरुवातीलाच घालीन.

दूषित घटक मोडून गेला असेल तर थकलेली भिंत जागीच ठेवायला सहसा हरकत नसते. गंजलेलं लोखंड आणि कार्बोनेट, एवढंच उरतं. पण युरेनियम, आर्सेनिक किंवा स्ट्रॉन्शियम धरून बसलेली भिंत वेगळी. पाण्याचं रसायन पुढे बदललं तर त्यातलं काही पुन्हा सुटू शकतं. तिथे माल काढून नेण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, आणि दार उचलून काढता येईल अशी रचना निवडा.

शेवटचं काम कागदाचं आहे. चर प्रत्यक्षात कुठे गेला, कोणत्या खोलीवर किती माल पडला, कोणत्या खेपेतला, याचा प्रत्यक्ष बांधकामाचा नकाशा त्याच आठवड्यात काढा. भिंतीच्या दोन्ही टोकांवर जमिनीत पक्क्या खुणा रोवा आणि त्यांची नोंद जागेच्या कागदपत्रांत करून घ्या. वीस वर्षांनी तिथे पाइपलाइन टाकायला येणाऱ्या माणसाला वरून फक्त गवत दिसणार आहे.